टेकली म्हटल्याशिवाय सोडायचं नाही

"वळण," दाजी वरून म्हणाले, आणि ठिणगीनं खालून आरसा चार बोटं वर उचलला.

आरसा दाजींपेक्षा हात-दीड हात लांब. तिसऱ्या मजल्यावरच्या नाचाच्या क्लासला हवा होता. लिफ्ट म्हणजे कपड्यांचं कपाट. त्यात आरसा सोडा, ठिणगीची ताई आणि तिची पिशवीसुद्धा एका वेळी मावली नसती. म्हणून जिना. आणि जिना असा, की वळणावर सपाट जागाच नाही. नुसत्या तिकोनी पायऱ्या, एका टोकाला पाऊलभर आणि दुसऱ्या टोकाला बोटभर. मजल्यावर टेकवावा म्हटलं, तर तिथे लोकांची चपलांची कपाटं, सायकली, कुंड्या. एकदा उचलला की वर नेऊनच ठेवायचा.

एरवी खालचं टोक दाजींचं असायचं. चढताना सगळं वजन खालच्यावर येतं, आणि वरच्याचा हात सुटला तर काचही खालच्यावरच येते. त्या दिवशी ठिणगी रस्त्यावरच अडून बसली होती.

"आज खाली मी."

"जड आहे."

"म्हणूनच तर! किती दिवस मला शेपूट धरायला लावणार?"

दाजींनी तिच्याकडे बघितलं, हातमोजे चढवले आणि जाऊन वरच्या पायरीवर उभे राहिले. दाजींचा होकार असाच असतो. आवाज नसतो त्याला.

काचेच्या कामात दाजींचे शब्द तीनच. वळण, पायरी, आणि शेवटी टेकली. आपलं टोक खाली नीट बसलं की म्हणायचं 'टेकली', आणि दोघांचंही म्हणून झाल्याशिवाय कुणी हात काढायचा नाही. ह्या तीन शब्दांपलीकडे काच हातात असताना तोंड उघडायचं नाही. मग मुंगी चावो, पेटका येवो, नाकाच्या शेंड्याला खाज सुटो. का, तर समोरचा दचकतो. दचकला की हात हलतो. हात हलला की काच आपल्या मनाची मालकीण होते, आणि मग ती कुणाची मनगटं बघत नाही. "बोलायचंय ते टेकल्यावर बोल," हे दाजींनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. बाकी सगळं तिनं बघून उचललं.

खालून ठिणगीला दिसत काय होतं? आरशाची तपकिरी पाठ आणि दाजींच्या टाचा. दाजी आज टाचा फारच जपून टाकत होते. एक पाऊल टाकायचं, दुसरं त्याच्या शेजारी आणून ठेवायचं, मग पुढची पायरी. नवी नवरी उंबरठा ओलांडते तसं. ठिणगीचं डोकं तापलं. म्हणजे मी खाली आहे म्हणून हे असे चालतायत! मला झेपणार नाही असं वाटतंय काय ह्यांना? दात-ओठ खात ती ढकलत राहिली.

क्लासच्या खोलीत भिंतीपाशी लाकडी ठोकळे मांडलेले, त्यांवर पोत्याच्या घड्या. तिनं रागारागात आपलं टोक अर्धा श्वास आधीच सोडलं. धप्प झालं. "टेकली!"

दाजींनी आपलं टोक ठेवलं. "टेकली," म्हणाले, आणि वाकलेले तसेच राहिले.

"दाजी, उठा की."

उठले नाहीत. आरसा आता खोलीकडे तोंड करून उभा होता, आणि त्यात ठिणगीला पहिल्यांदा त्यांचं तोंड दिसलं. पांढरंफटक. वरच्या ओठावर घाम. एक हात गुडघ्यावर, दुसरा कमरेवर, आणि माणूस विळ्यासारखा वाकडा. नाचाच्या बाई पाणी घेऊन धावल्या. दाजी हळूच म्हणाले, "आरशाला हात लावू नका. अजून भिंतीला सिलिकॉननं चिकटवायचाय."

ठिणगीनं खाली ठोकळ्यांकडे बघितलं. धप्प केलं ते आपण. अर्धा श्वास आधी सोडलं ते आपण. सगळं वजन झटक्यानं त्यांच्यावर गेलं असणार. हे तिनं कुणालाही सांगितलं नाही. जिभेवर यायचं आणि ती गिळायची. एरवी तिच्या जिभेला हाड नाही, आणि हा एक घास मात्र घशात अडकून बसला.

दाजी म्हणजे तिच्या ताईचे यजमान. मिसरूड फुटायच्या आधीपासून काचेच्या दुकानात. तळहातावर इतक्या रेघा, की देवानं काढलेल्या कुठल्या आणि काचेनं काढलेल्या कुठल्या ते ओळखू येत नाही. रस्त्यानं चालताना माणसं बघायचे नाहीत, खिडक्या बघायचे. "ती माझी." "ती पण माझी." "ती कुणी बसवलीय, वाकडी आहे." ताई म्हणायची, "अहो, शेजारून बायको चाललीय, ती कुणी बसवलीय ते आठवतंय का?"

घरातही बोलणं तीन शब्दांचंच. एकदा चहाचं उकळतं पातेलं उचलताना पायावर सांडलं. दाजींनी पातेलं ओट्यावर ठेवलं. झाकण घातलं. गॅस बंद केला. मग म्हणाले, "भाजलं." ताईनं त्या दिवशी कपाळावर हात मारला तो अजून खाली घेतलेला नाही.

आणि ठिणगीचं त्यांच्यावर एवढं प्रेम का, तर त्यालाही कारण आहे. नववीत तिनं शाळा सोडली. सोडली म्हणजे, बाईंनी वर्गासमोर कान धरला आणि हिनं बाईंच्या टेबलावर दप्तर आपटलं, ते तिथेच ठेवून आली. मग घरात आठवडाभर तोफखाना. वडील, काका, मामा, शेजारची आजी, जो येईल तो हिला शहाणपण शिकवून जाई. एका संध्याकाळी दाजी आले. खिशातून लहान मापाचे हातमोजे काढले. "हे बसतात का बघ." बसले. "सकाळी ये." संपलं भाषण. तेव्हापासून दाजींबद्दल कुणी वाकडा शब्द काढला की ठिणगी त्याच्या अंगावर जाते. नाव उगाच नाही पडलं.

मोठ्या डॉक्टरांनी दाजींच्या कमरेचे फोटो बघितले. मणक्यांमधली गादी सरकलीय, पायात जाणारी नस चेंगरतेय. त्यांनी दाजींना पायाचा अंगठा वर उचलायला सांगितलं आणि स्वतःच्या बोटानं खाली दाबला. डावा हटला नाही. उजवा मेणासारखा खाली गेला.

"ही ताकद कमी होतेय," डॉक्टर म्हणाले. "ट्रॅक्शन देऊन बघू. पुढच्या वेळी याल तेव्हा हा अंगठा असाच असला किंवा आणखी गेला, तर मी थांबणार नाही. ऑपरेशन. नस मेली तर पाऊल कायमचं लोंबकळेल."

ताईचा हात ठिणगीच्या दंडावर इतका रुतला की वळ उठले.

ट्रॅक्शनचं ठिकाण एका औषधाच्या दुकानाच्या मागे. पडद्यांनी पाडलेल्या खोल्या, रेक्झिनचा आणि स्पिरिटचा वास, भिंतीवर हाडाच्या सापळ्याचं चित्र. सापळ्याच्या कवटीला कुणीतरी पेनानं मिशा काढलेल्या. तिथल्या फिजिओ मॅडम उंचीनं ठिणगीच्या खांद्याला लागतील एवढ्या, पण आवाज असा की पडद्यापलीकडचा पेशंटसुद्धा सरळ झोपायचा.

"काका, नीट उत्तरं द्या. दुखतं कुठून कुठपर्यंत? मांडीच्या आतून बधिर वाटतं का? लघवीवर ताबा आहे ना?"

दाजींचे कान लाल. मेहुणीसमोर हा प्रश्न! ठिणगीनंही मिशीवाल्या सापळ्याकडे बघितल्यासारखं केलं आणि सरळ पडद्याबाहेर सटकली. आत पुढे काय विचारलं, दाजींनी काय सांगितलं, तिला ऐकू आलं नाही. बाहेर एक आजोबा मानेला पट्टा लावून बसले होते, ते म्हणाले, "तुला काय झालंय गं?" ती म्हणाली, "राग."

परत बोलावलं तेव्हा दाजी टेबलावर उताणे होते. टेबल मधोमध दोन भागांत कापलेलं, खालचा भाग रुळावर सरकणारा. एक रुंद पट्टा बरगड्यांखाली आवळलेला, दुसरा कमरेच्या हाडांवर. कमरेच्या पट्ट्याला दोरी, दोरी पायाकडच्या मशीनला. गुडघ्यांखाली स्टूल. दाजी असे दिसत होते, जसं कुणी त्यांना लांबच्या गावी पाठवायला बांधलंय.

"मशीन हळूहळू ओढणार," मॅडम म्हणाल्या. "थोडा वेळ धरणार, मग सैल सोडणार. परत ओढणार. दोन मणक्यांत जरा जागा झाली की नस श्वास घेईल. सगळ्यांना गुण येतोच असं मी म्हणणार नाही. पण अंग ढिलं पाहिजे, काका. आणि हे बटण हातात ठेवा. दुखणं पायात उतरायला लागलं की दाबायचं. लगेच बंद होतं. समजलं?"

दाजींनी मान हलवली. मॅडमनी ठिणगीला बाहेर पाठवलं. मशीननं घूंऽऽ केलं.

बाहेर आल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

"बरंय."

दुसऱ्या दिवशी, "बरंय." तिसऱ्या दिवशी, "बरंय." मॅडम विचारायच्या तेव्हाही तेच. ताईनं रात्री पाय चेपायला घेतला तर दाजींनी तो आखडून घेतला आणि म्हणाले, "बरंय गं." पण जिना चढताना उजव्या पावलाचा फटक् फटक् आवाज यायला लागला होता. पाऊल आधी टाचेवर टेकायला हवं, तर सगळंच्या सगळं एकदम पडायचं, ओलं फडकं आपटावं तसं. आधी ठिणगीला वाटलं, चपलेचा अंगठा सैल असेल. तिनं चपला शिवून आणल्या. फटक् थांबलं नाही.

डॉक्टरांकडे जायचा दिवस जवळ येत चालला. ताई कामाला बसायची आणि शिवणाची सुई तशीच हातात धरून दाराकडे बघत राहायची.

"काय गं, गुण आहे ना?" तिनं ठिणगीला स्वयंपाकघरात गाठून विचारलं.

"ते म्हणतायत ना बरंय."

"ते काय, उद्या त्यांना गाडीखाली घातलं तरी म्हणतील बरंय. तू काय म्हणतेस?"

ठिणगीनं भांडी इतकी जोरात विसळली की उत्तर द्यावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी ट्रॅक्शन संपवून दोघं बाहेर पडले. भर दुपार. डांबर तापून चकाकत होतं. दाजी पुढे, ठिणगी दोन पावलं मागे, कारण ते कसे चालतात ते तिला बघायचं होतं. औषधाच्या दुकानाच्या पायरीवर दाजींच्या उजव्या पायातली चप्पल सुटली. तिथेच राहिली. आणि दाजी चालत राहिले.

एक चप्पल पायात, दुसरं पाऊल उघडं, तापल्या डांबरावर. माणूस सरळ चाललाय. मान न वळवता, चटक्यानं पाय न झटकता.

चप्पल उचलून ठिणगी धावली, त्यांच्यापुढे जाऊन रस्त्यात उकिडवी बसली आणि चप्पल पायाशी ठेवली.

"दाजी. चप्पल."

दाजींनी खाली बघितलं. आपल्या पायाकडे असं बघितलं, की हा इथे कुणाचा पडलाय. मग पाऊल आत घालायला गेले तर बोटं दुमडून चपलेवरच अडखळली. ठिणगीनं हातानं पाऊल धरून आत घातलं.

"ताईला सांगू नकोस."

"नाही सांगत," ठिणगी म्हणाली. उठताना तिनं डोळे बाहीला पुसले. "पण उद्या मी आत बसणार. मॅडम नाही म्हणाल्या तर पडदा फाडीन."

मॅडम 'नाही' म्हणाल्या. ठिणगीनं पडद्याला हात घातला. मॅडमनी एकदा पडद्याकडे बघितलं, एकदा हिच्याकडे, आणि म्हणाल्या, "कोपऱ्यात. तोंड बंद."

"ते मला येतं," ठिणगी म्हणाली.

पट्टे आवळले. दोरी अडकवली. त्याआधी मॅडमनी अंगठा दाबून बघितला. त्यांच्या कपाळावर जी आठी आली ती ठिणगीनं टिपली. अंगठा जवळजवळ उठलाच नव्हता.

"काका, फरक आहे म्हणता ना?"

"बरंय."

"मग ही ताकद का जातेय?" मॅडम स्वतःशीच बोलल्यासारख्या म्हणाल्या. "असंच राहिलं तर आज मी डॉक्टरांना फोन करणार. पुढच्या तारखेची वाट बघता येणार नाही. शेवटचं एकदा बघू. एकदम ढिले राहा."

घूंऽऽ. दोरी ताणली. टेबलाचा खालचा भाग केसभर सरकला.

मॅडमनी दाजींच्या कमरेखाली हात घातला. "हे बघा, दगड झालाय नुसता. काका, सोडा. सैल सोडा."

"सोडलंय."

"नाही सोडलेलं. मशीन एकीकडे ओढतंय, तुम्ही दुसरीकडे. मी मणका मोकळा करायचा म्हणते आणि तुम्ही त्याला कुलूप लावताय. मोठा श्वास घ्या. डोळे मिटा. सोडा."

दाजींनी डोळे मिटले. मोठा श्वास घेतला. तो तसाच आत ठेवला.

ठिणगी कोपऱ्यातून बघत होती. तिला मणक्यातलं काही कळत नव्हतं. पण त्यांच्या हाताकडे तिची नजर गेली आणि तिथेच थांबली. बटण तळहातावर होतं, पण अंगठा बटणावर नव्हता. अंगठा बाहेर ताठ. चार बोटं खालून आकड्यासारखी वळलेली. कोपर बरगडीला घट्ट. दुसरा हात, ज्यात काहीच नव्हतं, तोही तसाच. आणि वरच्या ओठावर घाम.

हा हात तिनं रोज बघितला होता. जिन्यात, मचाणावर, दुकानांच्या दारांत.

दाजी काच धरून होते.

मशीन चालू झालं म्हणजे काच उचलली. मग आता वर पोचेपर्यंत श्वास धरायचा, अंग आवळायचं, काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी आहे, त्याला दचकवायचं नाही. इतके दिवस, रोज, हा माणूस ह्या टेबलावर उताणा पडून जिना चढत होता!

मशीन आणखी ओढायला लागलं. दाजींचा जबडा कानापाशी थरथरला.

तोंड बंद ठेवायचं कबूल केलं होतं. त्यात आणि काच हातात असताना कुणी बोलायचं नसतं. ओरडली तर दाजी दचकतील, आणि त्या पट्ट्यांत, त्या ताणात दचकले तर काय तुटेल कुणाला ठाऊक. ठिणगी उठली. पाऊल न वाजवता टेबलापाशी गेली, त्यांच्या कानाशी वाकली, आणि जिन्याच्या वर पोचल्यावर म्हणते त्याच आवाजात, ना मोठ्यानं ना हळू, म्हणाली,

"टेकली."

दाजींच्या पापण्या हलल्या.

"टेकली, दाजी. माझं टोक बसलं. सोडा तुम्ही."

आधी बोटं उघडली. मग कोपर बरगडीपासून सुटलं. मग एक एवढा मोठा श्वास बाहेर आला की मॅडमच्या कपाळावरचे केस उडाले. "अगं, सुटलं," मॅडम कमरेखालच्या हातानं चाचपत म्हणाल्या, "सगळं सुटलं..."

आणि दाजी ओरडले.

"आई गंऽऽ! पाय! पाय जळतोय माझा!"

ठिणगीनं त्यांना जन्मात ओरडताना ऐकलं नव्हतं. पडद्यापलीकडे कुणाचा तरी स्टीलचा पेला पडला. मॅडमनी एका झेपेत मशीन बंद केलं, दोरी सैल केली, पट्टे उघडले. दाजी ओरडतच होते, म्हणजे बोलतच होते, इतक्या वर्षांचं एकदम. "ओढलं की वीज जाते. कमरेतून मांडीत, मांडीतून पोटरीत, पार अंगठ्यापर्यंत. रोज. पहिल्या दिवसापासून. आता तर पावलाचं काही कळतच नाही. चप्पल गेली तरी कळलं नाही मला!"

"मग बटण कशाला दिलं होतं?" मॅडमही ओरडल्या. "हातात बटण होतं, काका! का नाही दाबलं?"

दाजींनी त्यांच्याकडे बघितलं. खरंच न कळल्यासारखं बघितलं.

"मशीन चालू होतं ना," ते म्हणाले. "मधेच कसं थांबवायचं?"

मॅडम स्टुलावर बसल्या. त्यांनी तोंडावर हात दाबला. हसतायत की रडतायत ते त्यांचं त्यांनाही कळलं नसावं. मग त्यांनी फोन उचलला, पडद्याबाहेर जाऊन मोठ्या डॉक्टरांशी बोलल्या. बराच वेळ. ठिणगी दाजींच्या पायाशी उभी राहून त्यांचा उजवा अंगठा मुठीत धरून होती. पळून जाईल म्हणून धरल्यासारखा.

"दोन दिवस काही नाही," मॅडम परत येऊन म्हणाल्या. "पडून राहायचं, मी सांगते तसं. पावलाची ताकद आणखी गेली किंवा लघवीचा काही त्रास झाला, तर त्याच क्षणी दवाखाना, मला विचारायला थांबायचं नाही. तसं झालं नाही तर डॉक्टर आणखी एक संधी द्यायला तयार आहेत. मशीनच्या ओढीचं वजन मी निम्म्याच्याही खाली आणणार. गुडघे आणखी वर. आणि तू," त्यांनी ठिणगीकडे बोट केलं, "रोज आत."

ते दोन दिवस घरात कुणी धड जेवलं नाही. ताईला सगळं कळलं होतं, पडद्यापलीकडे पेला पाडणाऱ्या आजोबांनी अर्ध्या वस्तीला सांगून टाकलं होतं. ताई आधी दाजींवर चिडली, मग ठिणगीवर, मग चपलेवर. तासातासाला विचारायची, "अहो, अंगठा?" दाजी चादरीतून पाय काढायचे. अंगठा ढिम्म.

मग पुन्हा टेबल. पुन्हा पट्टे. मशीन घूं करायच्या आधी ठिणगी म्हणायची, "टेकली," आणि दाजी तिच्याकडे बघून म्हणायचे, "टेकली." दोघांचं म्हणून झालं की मॅडम मशीन लावायच्या. अंगठा आता बटणावर असायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी ते दाबलं. मशीन टक् करून थांबलं आणि दाजींनी डोळे उघडून इकडेतिकडे बघितलं, काही फुटलं का म्हणून.

"काही नाही फुटलं," ठिणगी म्हणाली.

"थांबतं की गं हे," दाजी म्हणाले.

डॉक्टरांकडच्या दिवशी ताई आत आलीच नाही, बाहेर भिंतीला पाठ लावून उभी राहिली. डॉक्टरांनी दाजींच्या उजव्या अंगठ्यावर बोट ठेवलं. "वर उचला."

काही झालं नाही.

दाजींच्या कपाळावर शीर उठली. बोटं आकड्यासारखी वळायला लागली. ठिणगीनं घसा साफ केला. दाजींनी ते ऐकलं. बोटं उघडली, श्वास सोडला.

आणि अंगठा हलला. दाराआडून लहान पोरानं डोकावावं तसा, एवढासा. डॉक्टरांनी खाली दाबला, तर तो दबला. पण लगेच नाही. आधी त्यानं जरा हुज्जत घातली.

"हं," डॉक्टर म्हणाले. पुन्हा दाबला. पुन्हा हुज्जत. "येतोय परत. ऑपरेशन आत्ता नको. हे चालू ठेवा, व्यायाम चालू ठेवा. पण एक सांगतो, जिन्यावरनं काच वाहणं विसरा. कायमचं."

दाजींनी मान हलवली. बाहेर आल्यावर ताईनं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. ते म्हणाले, "बरंय." आणि मग, ताई रडायच्या आत, "नाही, म्हणजे खरंच."

पाऊल सावरायला बरेच महिने गेले. फटक् हळूहळू कमी झालं, थकले की अजून ऐकू येतं. दाजी आता दुकानातच असतात. मोठ्या टेबलावर काच आडवी, हातात काच कापायचा हिरा, एक रेघ ओढायची आणि कडेला टिचकी मारायची. हात अजून तसाच. पण दारातून कुणी मोठी काच उचलून न्यायला लागलं की त्यांचा हिरा थांबतो आणि काच रस्त्याच्या वळणापलीकडे जाईपर्यंत ते बघत राहतात. त्या वेळी त्यांच्याशी कुणी बोलत नाही. ठिणगी तर नाहीच. तिला त्या वेळी ते धप्प ऐकू येतं.

आता ठिणगीच्या जोडीला एक पैलवान दिलाय. बोलघेवडा. तिनं त्याला दाजींचे तीन शब्द शिकवले आणि चौथा स्वतःचा घातला. 'दुखतंय'. पैलवान म्हणाला, "हे काय शब्द झाला?" ती म्हणाली, "हा म्हटला नाहीस तर मी तुझ्याबरोबर काच उचलणार नाही."

पुढे एकदा फिजिओ मॅडमच्या पुढच्या दाराची काच तडकली आणि ती बसवायला ठिणगी गेली. काच बसली, ती कडेनं सिलिकॉन भरत होती, आणि मॅडम हातात चहा घेऊन गप्पा मारत उभ्या होत्या. काकांचं कसं चाललंय, व्यायाम करतात ना. मग सहज म्हणाल्या, "पहिल्या दिवशीच मला कळायला हवं होतं गं, की हा माणूस बटण दाबणार नाही."

"का?"

"तू तेव्हा लाजून पळालीस ना बाहेर. मी त्यांना विचारलं, कमरेत नेमकं कधी गेलं? वर ठेवताना का? तर म्हणाले, नाही, पहिल्या वळणावर. कट् झालं आणि उजवा पाय गेला. मी म्हटलं, मग तिथेच का नाही थांबलात? तर म्हणाले, खाली पोर होती."